पाय उचल

२२ ऑगस्ट २००९, शनिवार

बारा ऑक्टोबरला माझं लायसन्स संपतं, हे अण्णाच्या बरोबर लक्षात आहे. त्याच दिवशी मला पासष्ट पूर्ण होतात, ते मात्र लक्षात नाही. सकाळी फोनवर म्हणाला, "अक्का, आता रिन्यू करत बसू नको. आणि गाडी चालवायची नाही तर तिथं एकटी राहून करणार काय? औषध आणायचं तरी पौड गाठावं लागतं. हिंजवडीचा फ्लॅट रिकामा आहे. अकरावा मजला, वारा मस्त."

वारा मला इथे धरणाच्या काठी तळमजल्यावर मिळतो, असं सांगून मी फोन ठेवला.

अण्णा माझा धाकटा भाऊ. जांब्यात, आमच्या गावी, त्याला सगळे अण्णासाहेब म्हणतात आणि आता तोही स्वतःला तसंच समजतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ताम्हिणी घाटाच्या वाटेवर, निव्याच्या वळणावर माझी मारुती गर्रकन फिरून उलट्या तोंडाने भातखाचरात गेली. तेव्हापासून गाडीची चावी त्याच्या खिशात आहे. गाडी माझी, शेड माझी, चावी त्याची. त्या दिवशी मला खरचटलंसुद्धा नव्हतं. शेजारी बसलेल्या, माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या भिमाबाईची एक चप्पल चिखलात गेली, एवढंच काय ते नुकसान. चूक माझी नव्हती हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगितलं. टायर खराब होते. ते अण्णानेच पौडच्या देवूकडून बसवून आणले होते.

तेहेतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात ट्रकच्या गिअरबॉक्सची ड्रॉइंगं काढली मी. मला गाडी कळत नाही, हे कोण ठरवणार, तर ज्याने आयुष्यात पाना हातात धरला नाही तो.

२७ ऑगस्ट, गुरुवार

शैलेश, अण्णाचा मुलगा, नवी गाडी घेऊन आला. जांब्याची जमीन गेली, टॉवर आले, आणि आता ही. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. जर्मन आहे, काळी आहे आणि इतकी चपटी आहे की शैलेश उतरला तेव्हा जमिनीतून उगवल्यासारखा वाटला. एवढ्या मोठ्या गाडीत सीटा दोन.

त्याच्या मागून स्कूटरवर दोन फळ्या बांधून देवू आला. पौडच्या प्रत्येक स्पीड ब्रेकरवर तो पुढे होऊन फळ्या टाकत होता आणि शैलेश त्यावरून गाडी चढवत होता. देवू पंक्चरचं दुकान चालवतो, त्यामुळे कुठलीही गाडी उघडून बघायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटतं. त्याने पुढचं झाकण उघडलं आणि आत वाकून बराच वेळ पाहिलं.

"मावशी, हिला इंजिनच न्हाई. हितं ह्यांच्या चपला हायेत."

"मागे आहे," शैलेश म्हणाला.

मागे काचेखाली इंजिन दिसत होतं. आठ सिलिंडर, स्वच्छ, वर दिव्यासकट.

"शोकेसमधी ठिवलंय," देवू म्हणाला. "मंग बिघडलं तर दुरुस्त करायचं का नुसतं बगायचं?"

मी शैलेशला विचारलं, चालवून कशी वाटते. तो म्हणाला, "आत्या, खरं सांगू? भीती वाटते. शोरूमवाल्याने अर्धा दिवस शिकवलं, सगळं इंग्लिशमधनं. मॅन्युअल एवढं जाड. तू जरा वाचून सांगशील? बाबांना नको सांगू."

इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे या मुलाकडे. मॅन्युअल वाचता येत नाही म्हणतो. काय शिकवतात कोण जाणे.

३० ऑगस्ट, रविवार

तीन दिवस मॅन्युअल वाचलं. गाडी ही पैशाची नासाडी आहे यावर मी ठाम आहे. पण ज्याने ती काढली त्याचा हात चांगला आहे, हेही लिहून ठेवते.

इंजिन मागच्या अॅक्सलच्या पुढे, सीटच्या पाठीला लागून. वजन पुढे चव्वेचाळीस टक्के, मागे छप्पन्न. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं घमेलं असतं, ते इथे नाही. तेलाची टाकी वेगळी काढून इंजिन तेवढं खाली बसवलंय. गिअरबॉक्सपासून एक दांडा इंजिनाच्या बाजूने पुढच्या चाकांपर्यंत नेलाय. तिथे घट्ट तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक डबा आहे. मागची चाकं घसरून जास्त फिरायला लागली की चकत्या ते तेल घुसळतात, तेल आवळतं आणि जास्तीची ताकद पुढे जाते. कोणी बटण दाबायचं नाही. एवढ्याशा जागेतून तो दांडा नेताना त्या माणसाने किती कागद फाडले असतील, ते मला विचारा.

इंजिन मध्ये कशाला, हे मात्र मला शब्दांत पकडता येईना. भांडी घासता घासता भिमाबाईने ते एका वाक्यात सोडवलं. ती वरच्या धनगरवाड्याची आहे, विहिरीवरून पाणी आणण्यात जन्म गेला.

"डोईवर हंडा असंल तर जाग्यावर वळता येतंय," ती म्हणाली. "कावड घेतली का वळाया आवार लागतं. मागलं मडकं आपल्याआदी फिरतंय."

वजन मधोमध असलं की वळायला सोपं, टोकांना असलं की अवघड. हेच मॅन्युअलने दोन पानं घेऊन सांगितलंय, आणि तेही हंड्याशिवाय.

६ सप्टेंबर, रविवार

कालपासून पितृपक्ष. या पंधरवड्यात नवी गाडी बाहेर काढायची नाही असा अण्णाचा नियम. म्हणजे या पंधरवड्यात तो कुठे बघणारही नाही. शैलेशला शिकवायला हाच मुहूर्त.

धरणाच्या सरळ रस्त्यावर गेलो. या गाडीला क्लचचं पेडल नाही. गिअर ती स्वतः बदलते आणि दरवेळी असा हिसका देते की दोघांच्याही माना हलतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत्या-भाचा एकमेकांच्या प्रत्येक गोष्टीला होकार देतायत. मॅन्युअलमध्ये याला उपाय नाही, पण तो मला कळला. गिअर बदलायच्या क्षणी अॅक्सिलरेटरवरून पाय किंचित हलका केला की हिसका जातो. आमच्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ड्रिल घेताना जशा हुकूम द्यायच्या, तसा मी दिला. "लिफ्ट. नाऊ." चार-पाच वेळा चुकला, मग जमलं. माना हलायच्या थांबल्या.

"आत्या, तू कंपनीत साहेब व्हायला पाहिजे होतीस."

बायकांना तेव्हा दुसऱ्याची ड्रॉइंगं गिरवायच्या, ट्रेसिंगच्या टेबलापुढे कोणी जाऊ देत नव्हतं. मी तिथून तरी पुढे गेले. ते याला कशाला सांगू.

१३ सप्टेंबर, रविवार

हे आजच लिहायला हवं.

ताम्हिणीला निघालो. रिमझिम होती, रस्ता ओला. शैलेश आता बरा चालवतो. जरा जास्तच बरा. निव्याच्या वळणावर तो साठाने आला. ते वळण सुरुवातीला सभ्य दिसतं आणि अर्ध्यात गेलं की आवळतं. मला खालचं खाचर दिसलं. सिस्टरचं इंग्लिश कुठे गेलं कोण जाणे, मी ओरडले, "पाय उचल, शैलेश, पाय उचल."

आणि त्याने पाय दाबला.

मी डोळे मिटले. मागे इंजिन गुरगुरलं. मागच्या चाकांची पकड किंचित सुटल्यासारखी वाटली, आणि लगेच कोणीतरी पुढून हात धरून ओढावं तशी गाडी वळणातून ओढली गेली. डोळे उघडले तर समोर सरळ रस्ता आणि मधोमध एक म्हैस, आमच्याकडे बघत.

त्याने गाडी थांबवली.

"मी काय सांगितलं होतं?" मी म्हणाले.

"पाय उचल म्हणालीस."

"मग दाबलास का?"

"अगं, पाय उचल म्हणजे चल लवकर. बाबा शाळेत सोडताना वाटभर हेच म्हणायचे, पाय उचल, घंटा होईल. मला वाटलं, तू म्हणतेयस जोरात काढ."

"मी पाय वर घे म्हणत होते."

"मग लिफ्ट म्हणायचं ना. आठवडाभर लिफ्ट, लिफ्ट करून डोकं खाल्लंस आणि ऐन वेळी मराठी काढलंस."

ताम्हिणीच्या ढाब्यावर चहा घेतला. त्याला हसू आवरेना. मग मलाही. शेजारच्या टेबलावरची हिंजवडीची पोरं बघायला लागली.

म्हणजे घरी येईपर्यंत मी हसत होते. आता कागद घेऊन बसले आहे आणि हसू येत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून वळणाचं ड्रॉइंग काढलं. चार चाकं, मध्ये इंजिनाचं वजन, बाणांनी जोर.

पाय दाबला तर वजन मागे बसतं, मागची चाकं रस्ता धरून ठेवतात आणि जास्त झालं तर पुढची चाकं भार वाटून घेतात. शैलेश वाचला तो असा. पाय उचलला असता तर वजन पुढे गेलं असतं, मागची चाकं हलकी झाली असती आणि तो छप्पन्न टक्क्यांचा ठोकळा आम्हाला ओलांडून पुढे यायला निघाला असता. चलाख गाडी आहे, जेवढी चटकन वळते तेवढीच चटकन गर्रकन फिरते. त्याने माझं ऐकलं असतं तर आम्ही खाचरात असतो. चुकून ऐकलं नाही म्हणून रस्त्यावर राहिलो.

म्हणजे माझा हुकूमच चुकीचा होता.

मग दुसरा कागद घेतला आणि माझी मारुती काढली. इंजिन पुढे, मागे काहीच नाही, एक रिकामी डिकी. तेच वळण, तोच पाऊस. पाय उचलला की मागचं टोक काय करेल, याचा बाण काढला. बाण थेट खाचरात गेला. उलट्या तोंडाने.

भिमाबाई केर काढायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुला तो दिवस आठवतो?"

"न आटवायला काय झालं? चप्पल गेली माजी."

"वळणात मी काय केलं होतं?"

"पाय काढला व्हता तुमी. मी खालीच बगत व्हते, वर बगवंना म्हनून. चटका बसल्यावानी पाय वर घेतला." आणि केर काढत पुढे म्हणाली, "हंडा घिऊन वळताना मदीच थबाकलं का पानी हिंदकाळतंय. तसं झालं."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी समद्यास्नी टायरंच सांगत व्हता."

अजून दोन वेळा ड्रॉइंग तपासलं. बरोबर आहे.

१५ सप्टेंबर, मंगळवार

टायरही थोडे गुळगुळीत असतीलच.

१६ सप्टेंबर, बुधवार

नव्हते. कालचं वाक्य खोडायला हवं, पण कॉन्व्हेंटमध्ये खोडलं तर पान पुन्हा लिहायला लावायचे, ती सवय लागली आहे. राहू दे.

१९ सप्टेंबर, शनिवार

घटस्थापना. शैलेश सकाळीच आला, चावी माझ्यापुढे धरली. "आत्या, आज तू. लायसन्स आहे ना अजून तुझ्याकडे? तेवीस दिवस."

मी म्हटलं, वेडा आहेस का. मग म्हटलं, सीट पुढे कशी घ्यायची.

आधी गाडीविषयी लिहिते. बसलं की रस्ता खुर्चीच्या बाजूला हात लावण्याइतका जवळ. नाकावर इंजिनाचं ओझं नाही, म्हणून स्टीअरिंग हलकं, आणि तरी चाकाखाली काय आहे, खडी की डांबर, ते बोटांना कळतं. मानेच्या मागे, भिंतीपलीकडे कोणी जात्यावर दळावं तसा आवाज. पाय थोडा खाली नेला की जातं वेगात फिरायला लागतं आणि आपण पाठीने गादीत रुततो. मी एकदाच जास्त दाबला. शैलेशने दाराचं हँडल धरलं आणि धरलं नाही असं दाखवलं.

वळणाआधी सरळ रस्त्यात ब्रेक, ब्रेक सोडायचा, मग स्टीअरिंग, मग पाय एका जागी स्थिर. ना दाबायचा, ना काढायचा. वळण सुटायला लागलं की हळूहळू वाढवायचा. तेव्हा मागची दोन चाकं ढकलतात, पुढची दोन ओढतात आणि गाडी आखलेल्या रेघेवर पेन ठेवल्यासारखी जाते. वय विसरले वगैरे लिहिणार नाही. माझं वय मला पूर्णवेळ लक्षात होतं, गुडघ्यामुळे.

निव्याचं वळण आलं. पन्नासाने गेले. खाचर दिसलं. पायाच्या अंगठ्याने वर यायचा प्रयत्न केला, अगदी स्पष्ट जाणवलं मला. मी त्याला जागेवर ठेवला. गाडी गेली.

पुढच्या सपाटीला थांबून मी काचा खाली केल्या. शैलेश म्हणाला, "आत्या, रडतेयस?"

"धूर गेला डोळ्यात."

"इंजिन मागं आहे, आत्या."

गाडी अजूनही पैशाची नासाडीच आहे.

२८ सप्टेंबर, सोमवार

दसरा, जांब्यात. दारात गाडीची पूजा. हार कुठे घालायचा यावर वाद. अण्णा म्हणाला, इंजिनाला. एकनाथ भटजी म्हणाले, पुढच्या तोंडाला. शेवटी दोन्हीकडे घातला, आणि अण्णाने तिसरा हार बाजूच्या जाळीवर अडकवला. तिथूनच इंजिन हवा घेतं, गाडी सुरू केली तर झेंडू आत ओढले जातील, असं सांगून मी तो काढला. अण्णा पुटपुटला, हिला गाडीचं कधीपासून कळायला लागलं.

जेवताना मी सांगून टाकलं. पंगत बसली होती, शैलेशची बायको अपूर्वा वाढत होती. लाज सगळ्यांदेखत वाटली की एकदाच वाटते.

"अण्णा, निव्याला टायरांचा दोष नव्हता. मी घाबरून पाय उचलला. चूक माझी."

अण्णाचा घास हातातच राहिला. "टायर चांगले होते?"

"चांगले होते."

"अक्का, दोन वर्षं मी देवूच्या दुकानात पाय ठेवला नाही. त्याच्याकडनं साधी हवासुद्धा भरली नाही. तू म्हणालीस म्हणून मी त्याच्याविषयी चारचौघांत वाईट बोललो."

हे मला माहीतच नव्हतं. मी श्रीखंडाकडे बघत बसले.

"चावीचं काय?" शेवटी मीच विचारलं.

"जेव आधी," अण्णा म्हणाला, आणि पुढे दुसरंच काही बोलायला लागला.

स्वतःची चूक स्वतः शोधून, ड्रॉइंग काढून, कबूल करायची आणि वर उत्तर काय, तर जेव आधी. निघताना अपूर्वा म्हणाली, "आत्या, तुम्ही शिकवलंत म्हणून ह्यांना जमलं. नाहीतर गाडी यायच्या आधीपासून ते मॅन्युअल उशाशी घेऊन झोपायचे, पाठ झालंय सगळं." माझ्यामुळे त्याला वाचायची सवय लागली, एवढं तरी फळ.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी देवू आला. शेडमधल्या मारुतीला चार नवे टायर आणि नवी बॅटरी बसवली. मी विचारलं, कोणी सांगितलं.

"अण्णासायबांनी. दोन वर्सांनी आले दुकानात. लई येळ बसले, चा पिले, माजं चुकलं म्हनले. मी म्हनलं, कशाचं?"

"तुला राग नव्हता?"

"मला वाटलं, त्यास्नी दुसरा पंक्चरवाला गावला."

अण्णाचं मला कळलं. विकायच्या आधी गाडी नीट करून घेतोय. नव्या टायरांवर गिऱ्हाईक लवकर येतं. दहा दिवसांनी लायसन्स संपेल, गाडी जाईल आणि मी अकराव्या मजल्यावर वारा खात बसेन. तरी काल डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट आणलंय. डोळे उत्तम, असं त्यांनी लिहून दिलं.

४ ऑक्टोबर, रविवार

अण्णा सकाळी दहाला आला, शैलेशने सोडलं. खिशातून चावी काढली, मारुतीचं डावीकडचं दार उघडून आत बसला आणि म्हणाला, "ताम्हिणीपर्यंत ने. बघू."

म्हणजे परीक्षा. ठीक आहे, म्हटलं. मी आरसे लावले, सीट पुढे घेतली. दोन वर्षांनी क्लचवर पाय ठेवला. तीन सिलिंडर, पुढची दोन चाकं ओढणारी, मागे रिकामी डिकी. तिचे गुण-अवगुण आता मला त्या जर्मन गाडीइतकेच माहीत आहेत. पौडला गेलो, वळलो, मग घाटाकडे. उन्हाने रस्ता सुकला होता, दोन्हीकडे भात पिवळा झालेला.

मी इतकं नीट चालवलं की विचारू नये. प्रत्येक वळणाआधी सरळ रस्त्यात ब्रेक, मग गिअर, मग स्टीअरिंग, पाय स्थिर. धरणाच्या कडेचं एक अवघड वळण मी असं घेतलं की डॅशबोर्डवरची पूजेची सुपारीसुद्धा हलली नाही. अण्णा काय म्हणतो ते बघायला वळले, तर हा झोपलेला.

तोंड उघडं, मान खिडकीवर. परीक्षा घ्यायला आलेला माणूस. लहानपणापासून याला कोणाच्याही गाडीत झोप लागत नाही, शैलेशच्या गाडीतसुद्धा ब्रेक मारल्यासारखा पाय दाबत बसतो, आणि आजच्या दिवशी नेमकी झोप लागली. निव्याचं वळण आलं तेव्हा एकदा मुद्दाम हॉर्न वाजवावा असं वाटलं. वाजवला नाही. वळण घेतलं. घोरणं एका सुरात चालू होतं.

ताम्हिणीला उठवलं, भजी खाल्ली. "कशी चालवली?" मी विचारलं.

"भजी गरम आहेत," अण्णा म्हणाला.

परत येतानाही झोपला. घरी पोचल्यावर भिमाबाईने चहा केला, शैलेश न्यायला आला, दोघे गेले. एका शब्दाने काही सांगितलं नाही त्याने, पास की नापास. मी दारातच तणतणत उभी होते. आत आले तेव्हा दिसलं की चावी टेबलावरच राहिली आहे. वय झालं की विसरायला होतं. त्याला आता पुन्हा यावं लागेल, पण फोन करून आठवण मी करून देणार नाही.

उद्या सकाळी औषधं आणायला पौडला जाते. लायसन्सचा फॉर्मही तिथेच मिळतो म्हणतात.